नाईक यशवंत घाडगे

दुसऱ्या महायुद्धातले सैनिक नामदेव जाधव यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल (ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च लष्करी पदक) तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. त्यांच्या जोडीने माणगाव तालुक्यातल्या नाईक (सैन्यातला एक हुद्दा) यशवंत घाडगे यांचं नाव घ्यायलाच हवं. तेही जाधवांसारखेच मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटचे, वय अवघं २२.

१० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, बाकी सगळे जवान पडले. एकटे उरलेले घाडगे थेट गनवरच धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, टॉमीगनने (हातात धरायची छोटी मशीनगन) एका शत्रुसैनिकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून नळी हातात धरून दस्त्याचे घाव घालत उरलेल्या दोघांना संपवलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.