मदत हवी आहे : फोन थांबवण्याचा निर्णय मुलाच्या हाती टप्प्याटप्प्याने कसा सोपवावा?

नमस्कार. माझा मुलगा सहावीत आहे. त्याला स्वतंत्र फोन दिलेला नाही. परंतु शाळेच्या सूचना आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच येत असल्यामुळे घरातला जुना फोन संध्याकाळी त्याच्याजवळ असतो. त्यावर आम्ही फॅमिली लिंक हे पालकांना मुलाच्या फोन-वापराची मर्यादा ठरवू देणारे गुगलचे अ‍ॅप बसवले आहे आणि ठरलेली वेळ संपली की फोन बंद होतो. त्यावरून घरात वाद होत नाहीत. माझी काळजी वेगळी आहे.

फोन बंद झाल्याशिवाय तो स्वतःहून कधीच उठत नाही, आणि सुट्टीत आजोळी गेल्यावर आजीच्या फोनला असे काही बंधन नसल्याने त्याला जेवणाखाण्याचेही भान राहत नाही. म्हणजे थांबायचे कधी, हे अजून फोनच ठरवतो आहे. पुढे क्लासच्या निमित्ताने फोन पूर्ण वेळ हाती येईल, तेव्हा ही सवय एकाएकी कुठून येणार?

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी स्पष्ट मर्यादा आहे; दहा वर्षांपुढच्या मुलांबाबत मात्र झोप, मैदानी खेळ, अभ्यास आणि कुटुंबासोबतचा वेळ यांच्याशी समतोल राखण्यावर भर दिलेला आहे. हे मला मनापासून पटते, पण तो समतोल मुलाने स्वतः साधायचा तर सुरुवात कशी करावी, हा माझा प्रश्न आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात मोठी माणसेही सामील झाली, याचे मला विशेष मोल वाटते. आमच्याकडेही जेवताना सगळ्यांचेच फोन कपाटात असतात आणि तेवढ्या वेळात त्याला फोनची आठवणही होत नाही. तरीही तो नियम बाहेरून आलेला असतो.

एक गोष्ट मात्र आशादायक वाटते. कागदाच्या घड्या घालून प्राणी करण्याचा व्हिडिओ पाहताना तो मधेच फोन बाजूला ठेवतो आणि हाताने करू लागतो. एकामागून एक आपोआप येणाऱ्या छोट्या व्हिडिओंना शेवटच नसतो, त्यामुळे तिथे त्याला थांबायची जागा सापडत नाही, असा माझा अंदाज आहे.

म्हणून रोजच्या मर्यादेऐवजी आठवड्याचे ठराविक तास त्याच्याशी बोलून ठरवावेत, काय पाहायचे ते त्याने आधी सांगावे आणि वापराचा हिशेब वहीत स्वतः लिहावा, असा विचार आहे. असे कोणी केले आहे का? सगळे तास मंगळवारीच संपले तर उरलेला आठवडा तुम्ही कसा निभावला? आणि नातवाला नाही म्हणणे जड जाणाऱ्या आजीला, तिचे मन न दुखावता, यात कसे सामील करून घ्यावे?