मुलगी दहावीत आहे, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचं म्हणते. कितपत मनावर घ्यायचं?

कॅचरची आई (फ्रिस्को, टेक्सास)

नमस्कार मंडळी. लेक दहावीत, शाळेच्या व्हार्सिटी (मुख्य) टीममध्ये कॅचर, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल झेलणारी. उन्हाळाभर ट्रॅव्हल बॉल, म्हणजे क्लबच्या टीमबरोबर गावोगावच्या स्पर्धा. परवा जेवताना तिने जाहीर केलं, "मी कॉलेजात खेळणार आणि मग फिजिकल थेरपिस्ट होणार." दुसरा भाग ऐकून तिच्या बाबांची कळी खुलली, पहिला ऐकून कपाळाला आठ्या.

थेरपीचं खूळ आलं कुठून ते मला माहीत आहे. कॅचरच्या ग्लव्हमधल्या अंगठ्यावर बॉल सतत आदळतो, सांधा सुजतो. शाळेच्या ट्रेनरने तिला टेप कशी बांधायची ते दाखवलं. आता टीममधल्या अर्ध्या मुली मॅचआधी हिच्यासमोर घोटे पुढे करून बसतात!

आम्ही दोघं महाराष्ट्रात शिकलो. आमच्या लेखी खेळाचा उपयोग म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण. त्यामुळे इथलं काहीच कळत नाही. क्लबची फी, हॉटेलं, गाडीचं पेट्रोल धरून वर्षाला पाच-सहा हजार डॉलर सहज जातात. ते स्कॉलरशिपमधून वसूल होतात का? कोचना कधी गाठायचं? आणि खेळून सायन्सचा अभ्यास झेपतो का?

ह्यूस्टनकर

ताई, माझी मुलगी डिव्हिजन थ्रीला पिचर आहे, म्हणून सांगतो. (कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्या असतात: डी-वन सगळ्यात वरची, मग डी-टू, डी-थ्री.) वसुलीचा हिशोब आधी डोक्यातून काढा. डी-वनला परवापरवापर्यंत अख्ख्या टीममागे १२ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या वीसेक मुलींत वाटल्या जायच्या. २०२५च्या कोर्ट सेटलमेंटनंतर, ज्या कॉलेजांनी नवी पद्धत घेतली तिथे ती मर्यादा गेली, त्याऐवजी टीम २५ जणींची. कागदावर सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते, पण तेवढा पैसा मोजक्याच कॉलेजांकडे आहे. डी-टूला टीममागे ७.२. डी-थ्रीला खेळासाठी शून्य, मात्र मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. आमच्या घरी ती मदत कुठल्याही अर्ध्यामुर्ध्या स्पोर्ट्स स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघाली.

तारखा महत्त्वाच्या. डी-वनचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी बोलूच शकत नाहीत. डी-टूला दहावी संपल्यावर १५ जून. डी-थ्रीला असं बंधन नाही. त्याआधी मेल केलीत तर उत्तरादाखल कॅम्पची जाहिरात येईल, हुरळून जाऊ नका. ती शेकडो जणींना जाते.

मेल मुलीने स्वतः लिहायची. आईबापांची मेल आली की कोच मनातल्या मनात एक फुली मारतात. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, गाणीबिणी न लावता. कॅचर आहे म्हणजे सगळे पॉप टाइम बघणार: बॉल ग्लव्हमध्ये बसल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. अंतर ८४ फूट १० इंच. घड्याळ दोन सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे, चांगल्या डी-वनसाठी १.८च्या आसपास. घरी मोजा, पण बापाने मोजू नये. बापाचं बोट लवकर दाबलं जातं.

आणि एनसीएएचे, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचे, १६ कोअर कोर्सेस (शाळेत पूर्ण करायचे ठरावीक मुख्य विषय) आत्ताच शाळेच्या कौन्सेलरकडून तपासून घ्या. डी-वनसाठी त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात.

आकडेमोडे

कटू बोलतो. ते पाच-सहा हजार दरवर्षी ५२९मध्ये (कॉलेजसाठीचं करसवलतीचं बचत खातं) टाका, कॉलेजची निम्मी चिंता मिटेल. पिचर नायजेरी कॅनडीला टेक्सास टेक युनिव्हर्सिटीने दहा लाखांवर डॉलर मिळवून दिले, ही बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पिचरचा बाप हवेत आहे. प्रो लीग म्हणाल तर एयूएसएल ही बायकांची सॉफ्टबॉल लीग २०२५मध्ये सुरू झाली, चार टीम घेऊन. ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल २०२४ला नव्हता, २०२८ला आहे, पुढचं कोणी सांगावं. यात करिअर?

ह्यूस्टनकर

आकडेमोडे, मुलगी थेरपिस्ट व्हायचं म्हणतेय, प्रो नाही. आणि त्याच एयूएसएलची कमिशनर किम अँग शिकागो युनिव्हर्सिटीत, म्हणजे डी-थ्रीलाच, सॉफ्टबॉल खेळली. २०२०मध्ये मायामी मार्लिन्सची जनरल मॅनेजर झाली, मेजर लीग बेसबॉलमध्ये त्या पदावरची पहिली बाई. मैदानाभोवती नोकऱ्या बऱ्याच असतात.

रांगेतला

एक तांत्रिक मुद्दा. मुलगी एच-फोरवर (एच-वन व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर स्पोर्ट्स स्कॉलरशिप घेता येते, पण फेडरल सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. जाहिरातींचे पैसे, म्हणजे ते एनआयएल, घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच, कारण एच-फोरवर काम करता येत नाही. आणि एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे बहुतेक कॉलेजच्या ज्युनिअर किंवा सीनिअर (तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या) सीझनलाच.

डावखुरी

काकू, मी डी-टूला चार वर्षं आउटफिल्ड खेळले, आता डीपीटीच्या (फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास झेपतो, टाइमटेबल झेपत नाही. केमिस्ट्री आणि अॅनाटॉमीच्या लॅब दुपारी, प्रॅक्टिसही दुपारी. सीझन फेब्रुवारी ते मे, त्यात गुरुवारी-शुक्रवारी बसमध्ये. मी जड लॅब सगळ्या फॉल सेमिस्टरला घेतल्या, फिजिक्स उन्हाळ्यात उरकलं. म्हणून कोचला भेटाल तेव्हा एकच प्रश्न नक्की विचारा: तुमच्या टीममध्ये आत्ता सायन्स मेजर किती जणी आहेत, आणि लॅब आडवी आली की काय करता? एका कोचने मला हसून सांगितलं, "आमच्याकडे सगळ्या कम्युनिकेशन घेतात." मी ते कॉलेज तिथेच खोडलं.

डीपीटी पदवीनंतर तीन वर्षांची, तिची फी वेगळी. तिच्या ट्रेनरसारखं अॅथलेटिक ट्रेनर व्हायचं तर त्यालाही आता मास्टर्स लागतं. म्हणजे पहिल्या चार वर्षांत कर्ज कमी, हे डिव्हिजनपेक्षा मोठं. बाकी टेप बांधते आहे ना, बांधू दे. अॅप्लिकेशनच्या निबंधाला विषय तयार आहे.

कॅचरची आई

सगळ्यांचे आभार. रांगेतला, आमचं ग्रीन कार्ड झालंय, तेवढा घोर नाही. आकडेमोडे, तुमचा मुद्दा बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. डावखुरी, तुझा मुद्दा लेकीने.

यादीत सध्या दोन नावं आहेत. यूटी डॅलस, आता डी-टूला आहे आणि घरून जाता येईल म्हणून बाबांची पसंती. आणि सॅन अँटोनियोची ट्रिनिटी, डी-थ्री, घरून जाता येणार नाही म्हणून तिची. पॉप टाइम मोजायला शेजारची मुलगी ठरवली आहे. ट्रिनिटीसारख्या खाजगी कॉलेजात मार्कांवर साधारण किती सूट मिळते, कोणाचा ताजा अनुभव असेल तर निरोप टाका.