लोगोतलं 'क्ष्मी' कापडावर भरून येतंय, स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कराडला आमचं छोटं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा सासूबाई मांजरपाटाच्या पिशव्या शिवायच्या आणि मी त्यांवर दुकानांची नावं छापायचे, अशी सुरुवात झाली. आता पिशव्या, लग्नपत्रिका, आणि गणपती जवळ आले की मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट असतात. इतकी वर्षं लोकांचे लोगो छापले, आता स्वतःचा हवा आहे. प्रत्येक पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात तो साधारण ३० मिमी रुंदीत बसला पाहिजे.

आधी एकाकडून पैसे देऊन करून घेतला. मोबाइलवर फार सुरेख दिसायचा. चार रंग, त्यात एकातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, खाली सावली. माझ्या टेबलावर ते कसं निघणार? चार रंगांना चार स्क्रीन (चौकटीत ताणलेल्या जाळ्या), आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगाशेजारी दुसरा नेमका बसणं, केसभर हललं तरी कडेला पांढरी फट. एका पिशवीच्या छपाईचे पाच-सहा रुपये मिळतात, तिच्यावर स्वतःच्या लोगोसाठी चार वेळा स्क्वीजी (रंग जाळीतून दाबायची रबरी पट्टी) ओढणं परवडणारं नाही. शिवाय हातात फक्त जेपीईजी दिली आहे, मोठी केली की कडा फुटतात. तो बाजूला ठेवला.

मग मनात आलं की धंद्याचं नावच सासूबाईंच्या नावावरून आहे, तर त्यांची सहीच लोगो का नको? २०१८ च्या हिशेबाच्या वहीत पानोपानी त्यांची 'लक्ष्मी' अशी सही आहे. 'ल' जरा मागे झुकलेला, शिरोरेषा शेवटी वर उचललेली. ती स्कॅन केली, पॉझिटिव्ह (स्क्रीन बनवायला लागणारी पारदर्शक फिल्मवरची काळी प्रत) काढला, कापडासाठीच्या ४३ टी जाळीवर स्क्रीन काढली आणि पाण्यातल्या बाइंडर रंगात छापून पाहिली. पहिल्या चार पिशव्यांवर रेघ तुटकतुटक. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सगळं सरसकट जाड केलं, तर 'क्ष'ची गाठ आणि 'म'ची गाठ दोन्ही भरून नुसते काळे ठिपके झाले. पत्रिकांच्या १२० टी या बारीक जाळीवर हीच सही कागदावर स्वच्छ येते, पण आमचं मुख्य काम कापडाचं आहे.

सही ओळखू यायला हवी आणि कापडावर टिकायला हवी, यासाठी काय करू? फॉन्ट वापरा असं सुचवणार असाल तर तेही सांगा, पण मन सहीवरच आहे.

प्रतिसाद

ताई, वीस वर्षं टेबलावर आहे म्हणून सांगतो, विचार अगदी बरोबर आहे. जी खूण स्वतःच्या स्क्रीनमधून एका रंगात निघत नाही ती छपाईवाल्याच्या कामाची नाही.

गडबड कुठे होतेय ते बघा. ४३ टी म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, म्हणजे एका धाग्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत ०.२३ मिमीच्या आसपास. बॉलपेनची सही ३० मिमीत बसवल्यावर रेघ त्याहूनही बारीक होत असणार. ती धाग्यावर पडली की तुटते, घरावर पडली की उमटते. कापडावर रेघ निदान अर्धा मिलीमीटर धरा, पाऊण असेल तर निश्चिंत. आणि गाठीतली मोकळी जागा रेघेपेक्षा मोठी हवी, कारण मांजरपाटावर रंग पसरतो तो आतल्या बाजूलाही. सरसकट जाड केल्यावर रेघ वाढते तेवढीच ही जागा खाल्ली जाते. तुमचं तेच झालं.

फॉन्टचं म्हणाल तर सहीखालच्या फोन नंबराला 'मुक्त' वापरा, तो खुल्या परवान्याचा आहे. 'मोदक'च्या मोहात पडू नका, फार गोड अक्षर आहे, पण त्याच्या पोटातल्या फटी इतक्या अरुंद आहेत की एवढ्या लहान मापात बुजतील.

पण मुख्य प्रश्न हा की सासूबाईंकडूनच जाड लिहून का घेत नाही?

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. सासूबाई आहेत, पण आता त्यांचा हात थरथरतो. शिवणकाम दोन वर्षांपूर्वी सोडलं. म्हणूनच जुनी वही काढली.

प्रतिसाद

मग तर नक्की लिहून घ्या. ए-फोर कागद आडवा ठेवा, पाच मिलीमीटरची रेघ येईल असा जाड मार्कर द्या आणि पानभर सही करू द्या. २० सेंटिमीटरची सही ३ सेंटिमीटर केली की रेघ पाऊण मिलीमीटर होते, आणि हाताचा एक मिलीमीटरचा थरथराट ०.१५ मिमी होतो. जाळीच्या त्या ०.२३ मिमीपेक्षाही कमी! छापात दिसणारच नाही.

त्यावर बटर पेपर ठेवून 'क्ष'ची आणि 'म'ची गाठ तेवढी मोकळी करा, बाकी हात लावू नका. कोरलमध्ये (चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेताना आपोआप ट्रेस करू नका, कागदाची खरखरही रेघेत येते. कमीत कमी बिंदूंत हाताने गिरवा. टी-शर्टच्या गळ्यामागे एवढी सही बसणार नाही, तिथे त्यांचा नुसता 'ल' घ्या. आणि पक्कं करण्याआधी एकाच स्क्रीनवर दोन-तीन जाडीच्या सह्या लावून सलग पन्नास पिशव्या ओढा. पहिली पिशवी सगळ्यांचीच चांगली येते, पाण्याचा रंग जाळीत वाळायला लागला की खरं कळतं.

दुसरा प्रतिसाद

एक भर. पुढेमागे ट्रेडमार्कचा अर्ज करायचा झाला तर छपाईची सेवा वर्ग ४० मध्ये येते. 'लक्ष्मी' हा शब्द एकट्याने आपला करून घेणं कठीण, पण हाताने लिहिलेलं हे रूप चिन्ह म्हणून अर्जात देता येतं. मूळ कागद तारीख घालून जपून ठेवा.

धागाकर्ती

आज दुपारी बसवलं त्यांना. आधी "माझं काय अक्षर घेता" म्हणाल्या, मग चष्मा मागितला. अकरा कागद झाले. पहिल्या काहींत हात जपून चालत होता, सातव्यात सवयीने सही करून गेल्या आणि 'क्ष'ची गाठ आपोआप मोकळी आली, शेवटची शिरोरेषाही तशीच वर गेली. बटर पेपरवर फक्त 'म' दुरुस्त करायचा आहे. उद्या पॉझिटिव्ह काढते, पन्नासावी पिशवी वाळली की पहिल्या पिशवीशेजारी ठेवून फोटो टाकते. टी-शर्टसाठी त्यांनी नुसता 'ल'ही लिहून दिलाय, पण तो सहीतल्यासारखा मागे झुकलेला नाही, सरळ आलाय. तोच ठेवू, की सातव्या कागदावरचा 'ल' कापून घेऊ?