'स्टिकी विकेट'वर असणे म्हणजे नेमके काय?

मृणाल: इंग्रजी अग्रलेखांत एखादा मंत्री 'ऑन अ स्टिकी विकेट' असल्याचे वाचनात येते. अडचणीत सापडणे हा अर्थ ध्यानात येतो. पण चिकट खेळपट्टीचा अडचणीशी संबंध काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वसंतराव: पूर्वी इंग्लंडात सामना सुरू असताना खेळपट्टी झाकत नसत. पावसाने भिजलेली माती उन्हात वाळू लागली की वरचा थर चिकट होई आणि टप्पा पडलेला चेंडू कधी छातीपर्यंत उसळे, तर कधी अनपेक्षित वळे, त्यामुळे निष्णात फलंदाजाचीही भंबेरी उडे. म्हणून निव्वळ अडचण नव्हे, तर पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाजच न येणारी पंचाईत, असा अर्थ घ्यावा.

केतकी: 'ऑफ हिज ओन बॅट' हाही त्याच मैदानातला, स्वतःच्या बॅटीने काढलेल्या धावा, त्यावरून कोणी न सांगता आपणहून केलेले काम. 'हॅटट्रिक' तर आपण केव्हाच मराठीत सामावून घेतली. १८५८ साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठच्या तीन चेंडूंवर बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी भेट दिली होती.

वसंतराव: अमेरिकी वाचकांसाठी लिहिताना मात्र हे वाक्प्रचार जपून वापरावेत, तिकडे बेसबॉलची परिभाषा चालते.