ऐरोली, हिंजवडी की बंगळुरू? भाडं देऊन हातात काय उरतं ते सांगा

सड्यावरची (देवरुख)
नमस्कार मंडळी, मी देवरुखची, गेली दोन वर्षं रत्नागिरीत नोकरी करतेय, नाचणे रोडला साडेसहा हजारात वन आरके आहे, मालक-मालकीण वरच्या मजल्यावर राहतात आणि डिपॉझिट फक्त दहा हजार घेतलं होतं. आता एकदम तीन ऑफर आल्यात. नवी मुंबईत ऐरोलीला हातात ४० हजार, पुण्यात हिंजवडीला ३८ हजार आणि बंगळुरूला व्हाइटफील्डमध्ये ५० हजार. घरी सगळे म्हणतायत बंगळुरू घे, दहा हजार जास्त मिळतायत तर विचार कसला करतेस. पण बाबांनी कलमांच्या बागेवर कर्ज काढलंय, त्याच्या हप्त्याला मला महिन्याला दहा हजार घरी पाठवायचेच आहेत, त्यात मागेपुढे होऊन चालणार नाही. साठवलेले आहेत जेमतेम ८० हजार. वेबसाइटवर भाडी बघितली तर आकडे बघून डोकंच चालेना, म्हणून जे खरंच तिथे भाड्याने राहतायत त्यांच्याकडून ऐकायचंय. एकटीला जमेल का शेअरिंगमध्येच राहावं लागेल?

चिपळूणवाला, सध्या कामोठे
ताई, तू विचारलंस ते बरं केलंस. भाडं बघू नको, भाडं आणि घरचे पैसे गेल्यावर काय उरतं ते बघ. मी पनवेलजवळ कामोठ्याला राहतो, आमच्या बिल्डिंगमध्ये साधं जुनं वन बीएचके गेल्या महिन्यात १२ हजाराला गेलं, डिपॉझिट ५० हजार. माझी बहीण हिंजवडीजवळ १७ हजार देते, दोन महिन्यांचं डिपॉझिट. व्हाइटफील्डला माझा मित्र २२ हजार देतो. आता तुझे आकडे घाल. ऐरोली: ४० मधून १२ आणि १० गेले, उरले १८ हजार. हिंजवडी: ३८ मधून १७ आणि १० गेले, उरले ११. बंगळुरू: ५० मधून २२ आणि १० गेले, उरले १८. म्हणजे ऐरोलीपेक्षा जे दहा हजार जास्त दिसतायत ते सगळेच्या सगळे घरमालकाच्या खिशात, तुझ्या हातात एक रुपया जास्त नाही.

दुसरं म्हणजे ऐरोलीच्या ऑफिससाठी ऐरोलीतच घर घ्यायची गरज नाही. पनवेल-ठाणे लोकल थेट ऐरोलीला थांबते, कामोठ्याचं स्टेशन मानसरोवर, तिथून बसलं की गाडी बदलायची नाही. डोंबिवलीला पण भाडी कमी आहेत, मी आधी तिथेच होतो, पण तिथून ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते आणि सकाळी साडेआठला ठाण्याच्या पुलावर जी गर्दी असते ती मी तीन वर्षं काढली, बायकोला मात्र मी तिथून कधी जाऊ दिलं नसतं. म्हणून कामोठे, खांदेश्वर, नवीन पनवेल हेच बघ. आणि गावाला जायचं तर पनवेलहून गाडी आहेच.

मालवणी माणूस, बंगळूर
बघ गो बाय, घाई करू नको. मी सहा वर्षं इथे आहे. शहर वाईट नाही, हवा तर आपल्या मे महिन्यासमोर स्वर्ग, कामही चांगलं शिकायला मिळतं. पण डिपॉझिटचं नीट ऐक. इथे आधी दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायची पद्धत होती, आता बरेच जण पाच-सहावर आलेत. २२ हजाराच्या पाच पट म्हणजे १ लाख १० हजार, तुझ्याकडे ८० आहेत. म्हणजे आल्या आल्या कोणाकडून तरी उसने. वर मेंटेनन्स बऱ्याच ठिकाणी वेगळा, तो आधी विचारून घे.

आणि ते पैसे पूर्ण परत मिळत नाहीत. मी पहिलं घर सोडलं तेव्हा मालकाने पेंटिंगच्या नावाने एक महिन्याचं भाडं कापून घेतलं. भिंतीला मी एकच खिळा मारलेला, देवाच्या फोटोसाठी. भांडलो, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये ते लिहिलेलं होतं आणि मी न वाचता सही केली होती. तू प्रत्येक ओळ वाच.

पाण्याचं पण विचार. २०२४ च्या मार्चमध्ये इथे बोअर आटले तेव्हा आमच्या सोसायटीत सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पाणी सोडायचे, मी ऑफिसला निघायच्या आधी दोन ड्रम आणि सगळी पातेली भरून ठेवायचो, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये लावले ते वेगळे. घर बघायला जाशील तेव्हा वॉचमनला विचार टँकर येतो का, तो खरं सांगतो.

यायचंच असेल तर पहिले सहा महिने पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहा, डबल शेअरिंग जेवणासकट दहा हजाराच्या आसपास मिळतं, डिपॉझिट पण थोडं. मग बंगळुरूचं गणित एकदम बदलतं, हे पण सांगायला हवं. फक्त शनिवार-रविवारी घरी जाऊन येईन हे डोक्यातून काढून टाक.

लालबागचे काका (मूळ लांजा)
बाय, मी १९७८ साली मुंबईला आलो तेव्हा भाडं हा प्रश्नच नव्हता कारण आमच्या गावच्या मंडळाची परळला खोली होती. एका खोलीत अठरा माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीला लावलेली आणि वळकटी तिच्यावर. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या असायच्या म्हणून सगळे एका वेळी झोपायला नसायचे, पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा तिथेच आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. महिन्याला प्रत्येकी थोडेच पैसे पडायचे आणि बाकीची मनीऑर्डर गावाला. ८२ च्या संपात पगार बंद झाला तेव्हा सुद्धा मंडळाने कोणाला खोलीतून काढलं नाही. तुझ्यासारख्या मुलींसाठी अशी सोय आपल्या लोकांनी तेव्हाही केली नाही आणि आजही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून मी म्हणतो एकटीने घेऊ नको, आपल्याकडचीच एखादी मुलगी सोबत घे, भाडं पण निम्मं आणि रात्री उशीर झाला तर वाट बघणारं कोणी असतं.

चिपळूणवाला, सध्या कामोठे
काकांचं पटलं. अ‍ॅग्रीमेंटचं राहिलंच. महाराष्ट्रात ११ महिन्यांचं असलं तरी लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट) रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. केलं नाही आणि पुढे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. एजंट 'नोटरी पुरे' म्हणाला तर ऐकू नको. खर्च पण फार नाही. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, ११ महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर. १२ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिटला ती साडेतीनशेच्या आसपास येते, वर महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन १ हजार. माझ्याकडून एजंटने याचेच चार हजार मागितले होते. शिवाय त्याची दलाली एक महिन्याचं भाडं, आणि ११ महिन्यांनी रिन्यू करताना परत मागतात, ते आधीच बोलून घे.

सावंतवाडीकर
हिंजवडी अगदीच बाद करू नका. तिथून एसटीने गावाला येता येतं आणि बायकांना २०२३ पासून राज्यात अर्धं तिकीट आहे. शेअरिंगमध्ये राहिली तर तिथे पण उरतील पैसे.

सड्यावरची (देवरुख)
सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं वाचून आईला पण वाचून दाखवलं, तिचे मामा पण परळलाच असायचे. मी आज वहीत मांडून बघितलं. कामोठ्याला एकटीने घेतलं तर डिपॉझिट ५०, दलाली १२, पहिलं भाडं १२ आणि अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे ७५ हजार पहिल्याच दिवशी गेले आणि पगार हातात यायला महिना, त्यात बाबांचा हप्ता. म्हणून एकटीने नाहीच जमणार. संगमेश्वरची माझी एक मैत्रीण वाशीला नोकरी करते, तिला विचारलं, तिच्या सध्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. शुक्रवारी रात्री तुतारी एक्सप्रेसने निघतेय, शनिवारी दोघी मिळून कामोठे आणि खांदेश्वर बघू. चिपळूणवाले दादा, तुमच्या बिल्डिंगमध्ये किंवा शेजारी दोन मुलींना देणारं कोणी असेल तर सांगाल का? पाणी रोज येतं ना तिथे?

चिपळूणवाला, सध्या कामोठे
पाणी सकाळी येतं, मे महिन्यात जरा कमी होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, मुलींनाच देतात. आज विचारून सांगतो. शनिवारी दुपारी आमच्याकडेच जेवायला या दोघी.