मदत हवी आहे: लॅब्राडोरची सांधेदुखी आणि घरचा आहार

नमस्कार मंडळी. आमची लॅब्राडोर ९ वर्षांची, वजन ३८ किलो. उठताना मागचे पाय लटपटतात, जिना तर ती टाळतेच. एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्याची झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, सांध्यांवरचा भार हलका होऊ दे. पटलं. पोळी-भात कमी करून उकडलेलं चिकन, दुधी, लाल भोपळा सुरू केलाय. पण नुसत्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं, ते प्रमाण तुम्ही कसं सांभाळता? माशाच्या तेलातलं ओमेगा-३ सूज कमी करायला मदत करतं. वजनानुसार किती देता? ग्लुकोसामाइनने (सांध्यांसाठी देतात ते पूरक) कुणाला खरंच फरक जाणवला का? माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र कृपया सुचवू नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असतं. पुण्यात कुत्र्यांची फिजिओथेरपी करणारं कुणी माहीत असल्यास नक्की कळवा.