डूम मेटल: ऐकायचं की सोसायचं?

परभणीकर: काल भर दुपारी लाइट गेली, कूलर बंद. घामाघूम पडल्या पडल्या हेडफोन लावून स्लीप या बँडचा 'डोपस्मोकर' हा अल्बम पूर्ण ऐकला. एकच गाणं, 63 मिनिटं. विसाव्या मिनिटाला उठावंसं वाटलं, चाळिसाव्याला उठवेना. माझं मत ठाम आहे: डूम (संथ, जड हेवी मेटल) आणि स्टोनर (त्याचाच गांजाच्या धुरातला भाऊबंद) यांचे अल्बम सलगच ऐकावेत. तुकडे पाडले की नुसता खडखडाट उरतो.

जालन्याचा जावई: तासभर एकच रिफ, म्हणजे वाद्यावरची तीच ती ओळ, घुमवायची, त्याला अल्बम म्हणायचं? रसवंतीचं चरकही तसंच घुमतं. त्याला निदान घुंगरं तरी असतात.

लातूरची: 😂 घुंगरं भारी! पण हा जडपणा आला कुठून, ते बघा की. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी डावखुरा. कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमकी तारा दाबायचा हात. पुढे त्यानं तारा सैल केल्या. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त काही गाणी तीन अर्धस्वर खाली आहेत. सैल तार घोगरी बोलते, तिला घाई चालत नाही.

जालन्याचा जावई: सॅबथला कोण नाव ठेवतंय? 1970 चा पहिला अल्बम, सुरुवातीलाच पाऊस आणि घंटा. सहा-साडेसहा मिनिटांत अंगावर काटा, वर शेवटी गाणं धावतंसुद्धा. बेल विच बँडच्या 'मिरर रीपर'ला 83 मिनिटं कशाला लागतात? पाल्हाळ नुसता.

परभणीकर: त्यांचा आधीचा ड्रमर 2016 मध्ये गेला. त्याचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज त्या अल्बममध्ये आहे. मयताच्या घरी बसल्यावर घड्याळ बघता का हो?

जालन्याचा जावई: बरं, तेवढं मान्य. पण सगळ्यांच्याच घरी मयत नसते ना. निम्मे स्टोनर बँड धुराच्या नावाखाली आळस विकतात.

लातूरची: निम्मे कशाला, जास्तच असतील. मी तरी कायस या बँडवर थांबते. ती पोरं कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टची, वाळवंटात जनरेटर लावून वाजवायची. आपल्याकडं जनरेटर निघतो तो वरातीला. दाजी, तुम्ही 'मिरर रीपर' ऐकलात कशावर?

जालन्याचा जावई: मोबाइलच्या स्पीकरवर. का?

परभणीकर: अहो, त्यात गिटारच नाही, सगळा भार बासवर, म्हणजे खालच्या सुरांवर, ते मोबाइलवर कुठले उमटायला! तुम्हाला नुसत्या झांजा ऐकू आल्या असतील.

जालन्याचा जावई: मग हेडफोन धाडा. घुंगरांचं मात्र मी मागं घेत नसतो.